शिवा, पत्रा कापण्याआधी

कॉव्हेंट्री,
रविवार रात्र

प्रिय शिवा,

काकांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड गाडी गडहिंग्लजहून उद्यमनगरात तुझ्या गाळ्यात आणलीस हे ऐकून इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर मेघाला तासभर तेच सांगत बसलो. पण शेवटी तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात खालचा पत्रा कापायला घेतो. ते ऐकल्यापासून चैन नाही. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र वाचून होईपर्यंत ग्राइंडर लावू नकोस, एवढं ऐक.

माझ्या एमजीबीचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, खालचं सगळं काम आता संपलंय, रंग बाकी आहे. गाडी १९६६ ची, उघडी, दोन सीटची. ही गाडी १९६२ ला आली आणि १९८० ला अबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. छताची जीटी धरून पाच लाखांच्या वर निघाल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा होता, हिला नाही. हिची बॉडी हीच चासी. वर छत नाही, त्यामुळे गाडी मधोमध वाकू नये याचा सगळा भार दोन दारांखालच्या सिलवर आणि फरशीच्या मधल्या उंच बोगद्यावर.

तो सिल म्हणजे नुसती पट्टी नव्हे रे. बाहेरचा सिल, आतला सिल आणि दोघांच्या मध्ये उभा एक पत्रा, असा तो बंद डबा आहे. त्याच्या खाली फरशीच्या कडेने कॅसल रेल जाते, खाचाखाचांची. बाहेरचा सिल दारापाशी संपत नाही. पुढे तो मडगार्डच्या खाली शिरतो आणि मागे मागच्या मडगार्डच्या पायात घुसतो. म्हणजे सिल नीट बदलायचा तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं (ते बोल्टवर आहे, सुटतं) आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो, कारण ते वेल्डने जोडलेलं आहे. हे कष्ट नकोत म्हणून इथली कित्येक गॅरेजं दाराखाली दिसतो तेवढ्या भागावर नवा पत्रा चढवतात. वरून गाडी झकास दिसते.

माझ्या गाडीला कुठल्याशा गॅरेजने नेमकं तेच केलं होतं. वरचा पत्रा गुळगुळीत, रंग चकाचक. मी तो कापून उघडला तर आत जुना सिल तसाच, बोटाने दाबला की भाजलेल्या पापडासारखा मोडणारा. मधला उभा पत्रा खालून चार बोटं उंचीपर्यंत नाहीसाच. पोकळीत फेस भरलेला, तो पाणी धरून बसलेला. इथे थंडीत बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चाकाने उडून मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात चिखलाबरोबर साचतं आणि तिथून गंज सिलमध्ये उतरतो. तो फेस हाताने उपसताना मला खरंच राग आला. या गाडीत कुणीतरी पोराबाळांना बसवून मोठ्या रस्त्यावर नेत असणार, आणि खाली धरायला काही नव्हतं.

आता कामाचं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरपा, वेल्डचे टाके मारून बसव. पुढचा खांब आणि मागचा खांब एकमेकांपासून हलता कामा नयेत. गाडी जॅकवर मधोमध उचलून ठेवू नकोस. पुढच्या-मागच्या सस्पेन्शनखाली घोडे (स्टँड) लाव, म्हणजे वजन जिथे नेहमी असतं तिथेच राहील. मापं घे, कागदावर लिही, भिंतीवर चिकटव. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की गाडी कशी होती हे सांगायला काही उरत नाही.

नवे पत्रे आधी नुसते क्लॅम्पने धरायचे. मग दार टांगायचं, मडगार्ड बोल्टवर बसवायचं, दार उघडून-मिटून बघायचं. दाराच्या कडेच्या फटीला मी साडेचार मिलिमीटरचं ड्रिल बिट माप म्हणून वापरलं. ते वरपासून खालपर्यंत सारखं सरकलं पाहिजे. एकीकडे अडकलं आणि दुसरीकडे सैल पडलं की क्लॅम्प सोडून पुन्हा. हे करण्यात वेल्डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, आणि तो द्यावाच लागतो. एकदा टाके पडले की फट हलत नाही. मग लोक पुट्टीने दाराची कड जाड करतात आणि ती कड पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.

वेल्डिंग तुला मी काय शिकवणार! पण तुमच्याकडे पातळ पत्र्यालाही अजून गॅस लावतात, म्हणून लिहितो. हेरल्डला मिग (तारेचं विजेवरचं वेल्डिंग) वापर, ०.६ मिलिमीटरची तार, आरगॉन मिसळलेला वायू. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याच्या कडेला सहा मिलिमीटरची भोकं पाड, त्यातून खालच्या पत्र्याला टाका भर. जोडाच्या दोन्ही आतल्या बाजूंना आधी जस्ताचा प्रायमर मार, भोकापुरता खरवडून. जिथे पत्र्याला पत्रा टोकाला टोक भिडतो, तिथे एक टाका इकडे, एक पार तिकडे, आणि मध्ये हाताला गार लागेपर्यंत थांब. सलग ओढलंस तर २० गेजचा पत्रा, जेमतेम ०.९ मिलिमीटरचा, डोळ्यादेखत लाटा घेतो.

मागच्या मडगार्डचा पाय जोडताना मला अण्णांची फार आठवण झाली. तुला आठवतं, ते पत्रा ठोकताना थांबायचे, खिशातला सुती रुमाल तळहाताखाली धरायचे आणि डोळे दुसरीकडे लावून हात फिरवायचे? मी तसंच केलं. रुमाल मध्ये असला की कातडी पत्र्याला अडत नाही आणि उंचवटा लगेच कळतो. जोड थंड होताना आखडतो, म्हणून त्या रेषेवर मागून डॉली (हातातला लोखंडी ठोकळा) धरून वरून हलके ठोके द्यायचे, जोड ताणून घ्यायचा. शेवटी पुट्टी नखाच्या जाडीइतकी लागली. अण्णा असते तर त्यांनी तीही काढायला लावली असती. ही गाडी त्यांना दाखवता आली नाही याचं मला वाईट वाटतं, शिवा.

तू विचारलंस, एवढं कशाला, नवी बॉडी मिळते ना? मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेजवाले १९८८ पासून कारखान्याच्या जुन्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडी बनवतात, आणि ती चांगली असते. ज्याची गाडी वाकलीय, अपघातात दबलीय, त्याने खुशाल घ्यावी. पण माझ्या गाडीचं डॅश, दारं, डिकी, ॲल्युमिनियमचं बॉनेट सगळं मूळचं आणि सरळ होतं. तेवढं भंगारात घालणं मला पटलं नाही. नवे सिल आणि कॅसल रेल विकत मिळतात, बाकी हातांनी होतं.

आता तुझी हेरल्ड. तिचं हाड वेगळं आहे, म्हणून माझं सगळं जसंच्या तसं लावू नकोस. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी बनवून देणारी कंपनी बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने) विकत घेतली, एकसंध बॉडी बनवायची सोय उरली नाही, म्हणून १९५९ ला आलेल्या त्या गाडीला वेगळी चासी दिली गेली. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने रेखलेली बॉडी त्यावर बोल्टने बसते. मद्रासला १९६१ पासून बनली तीही त्याच घडणीची. तेव्हा तुझा पहिला शत्रू सिल नाही. चासीतून बाजूला निघणारे हात, ज्यांवर बॉडी बसते, ते बघ. ते पोकळ आहेत आणि गडहिंग्लजच्या पावसाळ्यात तो चिखल आत शिरलेला असणार. स्क्रूड्रायव्हरने खालून टोचून बघ, हातोडीने ठोक. बद्द आवाज आला की समज. ते हात सरळ केल्याशिवाय दाराच्या फटीला हात लावण्यात अर्थ नाही. आणि पुढचं ते अख्खं नाक उचलून उघडणारं बॉनेट शेवटी जुळव, त्याच्या बिजागऱ्यांना सरकायला जागा असते.

रंगाबद्दल मी कडक बोलणार आहे. तू पीयू, म्हणजे हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग, मारायचं म्हणतोस. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क तर सोडच, फिल्टरच्या काडतुसाच्या मास्कवरही त्यासाठी भरवसा ठेवू नये, बाहेरून नळीने हवा देणारा मुखवटा लागतो. एकदा का त्याने दमा जडला की जन्माचा. तुझ्या गाळ्यात वरच्या माळ्यावर पोरं झोपतात. मी इथे प्रायमर घासून घेतलाय, उंचसखलपणा दिसावा म्हणून काळा फवारा मारून लांब फळीने, ८० पासून ३२० च्या पेपरपर्यंत. पण वरचा लाल रंग रंगाचा बंद बूथ असलेल्या माणसाकडूनच मारून घेणार आहे. तूही तसंच कर, किंवा ड्युको, तो जुना थिनरचा लॅकर रंग, मार. त्यालाही थिनरची वाफ आहे, दारं-खिडक्या उघड्या लागतात, चांगला मास्क लागतो, पण तो विषय वेगळा. शिवाय ड्युको पॉलिश करून पुन्हा उजळतो, आणि त्या काळच्या गाडीवर शोभतोही.

रंग झाल्यावर पोकळ्यांत गंज रोखणारं मेण सोडायला विसरू नकोस. पातळ, गरम करून, नळीने, खालच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. ती भोकं मात्र उघडी ठेव.

चासीच्या हातांचे फोटो पाठव, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे, खालून, टॉर्च लावून. मापं असतील तर तीही. इथे हेरल्डचे चासीचे तुकडे अजून मिळतात. पण चार दारांच्या तुझ्या गाडीला कुठले बसतील ते मापांवरूनच कळेल, म्हणून फोटो आल्याशिवाय मी काही मागवणार नाही. डिसेंबरात येतोय तेव्हा सामानातून आणता येईल. वहिनींना सांग, पंधरा दिवस गाळ्यातच असणार आहे, डबा दोघांचा लागेल.

तुझा,
अवि