डिसेंबरची तिकिटं काढू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडते, बाबा "हं हं" करून पावसापाण्याचं विचारतात आणि मी चिडते, म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. एकानं आधी वाचून दुसऱ्याला गाळून सांगायचं नाही, विशेषतः बाबा.

तर, पिल्लू कीटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जायला लागलाय. आज दहावा दिवस झाला. आणि खरं सांगायचं तर जागा पक्की झाल्याचा मेल तुम्ही इथे असतानाच आला होता, जूनमध्ये. त्या दिवशी आई त्याला मांडीवर घेऊन मेतकूट-भात भरवत होती, मला तोंडच उघडवेना. नंतर सांगू, नंतर सांगू करत राहिले आणि तुमचं विमान गेलं. चूक माझी आहे. निखिल सांगून टाक म्हणत होता, त्याच्यावर रागावू नका.

माझी रजा संपली, ती आणखी वाढवता आली असती असं बाबा म्हणतील, हो आली असती, पण मलाच नको होती. अडीच वर्षं घरात एका माणसाशी बोलतेय आणि तो माणूस "मोटू गाय" सोडून दुसरं काही वाचू देत नाही. तुम्ही येऊन सांभाळलं असतंत, माहितीये. पण व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणजे त्याला तुमची सवय लागली की तुम्ही जाणार आणि तो दाराशी उभा राहून "आजी खाली गेली?" विचारत बसणार, जुलैत पंधरा दिवस हेच चाललं होतं, तेव्हा सांगितलं नाही तुम्हाला. पैशाचंही नाही हो बाबा, बर्लिनमध्ये 2018 पासून कीटाची फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो फक्त. पुण्यातल्या नर्सरीची फी तुम्हीच मला सांगितली होतीत, आठवा.

आई, आता तुझ्यातल्या बालवाडीच्या बाईंसाठी. तू आयांना सांगायचीस ना, "निघा तुम्ही, मागे वळून बघू नका, पाच मिनिटांत गप्प होतं." इथे उलटं आहे, गुपचूप सटकायला सक्त मनाई. पहिले तीन दिवस मी वर्गात कोपऱ्यात बसून, काही करायचं नाही, फक्त असायचं. चौथ्या दिवशी सांगून, टाटा करून बाहेर, आणि फार रडला तर लगेच परत बोलावतात. बाहेर म्हणजे कुठे, पॅसेजमधल्या बाकावर, बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागतात. समोर कोट अडकवायचे हुक, प्रत्येकावर चित्र, आपल्याचं कासव. बाहेर बसायच्या पहिल्या दिवशी सहा मिनिटांत बोलावलं. दुसऱ्या दिवशी चार. मग त्यानं काय केलं, तर दाराबाहेर काढून ठेवलेला माझा एक बूट उचलला आणि आत नेऊन उशीखाली ठेवला. बाईंना वाटलं खेळतोय. मला कळलं. तुलाही कळलं असेल, आई, मिरजेच्या घरात तांदळाच्या डब्यामागे तुझी चप्पल सापडायची ना.

मी मिरजेच्या त्या वर्षाबद्दल काही म्हणत नाहीये. आजीनं कमी केलं नाही, आणि तुझ्यापुढे तेव्हा दुसरा रस्ता नव्हता हे मला आता, या बाकावर बसल्यावर, जास्त कळतंय. पण तू परवा म्हणालीस ना, "दोन वर्षं आमच्याकडे ठेव, सांगलीत वाढेल, मराठी पक्कं होईल", तर ते मला जमणार नाही. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही गं. मला जमणार नाही, एवढंच.

आता तो जेवून दीड वाजेपर्यंत थांबतो. मांस नको असं लिहून दिलंय, बटाटे, पास्ता, गाजर खातो, फळं भरपूर देतात, वरणभात रात्री घरी. झोपायला घरचं पांघरूण चालतं, तुझी गोधडी दिलीय, त्या बाई उलटीपालटी करून टाके बघत होत्या. त्यांना मी पाणी, शू, झालं, नको एवढे शब्द उच्चार समजावून लिहून दिलेत, "झालं" त्यांना अजिबात जमत नाही. आपला हिरो दोनच जर्मन शब्द शिकलाय, नाइन आणि माइन, म्हणजे नाही आणि माझं. सर्दी आहे, असणारच, पण गोवराच्या लशीचा कागद दाखवल्याशिवाय इथे प्रवेशच देत नाहीत, तेवढे कडक आहेत. पावसातही बाहेर नेतात, रबरी पँट घालून चिखलात. तुला आवडेल, तू कोसबाडच्या कुरणशाळेबद्दल सांगायचीस, गुरं राखता राखता शिकणारी पोरं, त्यांना शिकवणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ, तेच मला सारखं आठवतं. आणि बाबा, किंडरगार्टन हा शब्द फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1840 मध्ये इथल्याच बाड ब्लांकेनबुर्गमध्ये काढलेला, मुलांची बाग. आईच्या ट्रेनिंगच्या वहीत असेल, माळ्यावर चढून शोधू नका!

तिकिटं काढू नका म्हणतेय ते याचसाठी. डिसेंबरमध्ये इथे चारला अंधार होतो, फुटपाथवर बर्फ, आईचा गुडघा आणि आपले तीन मजले. मे महिन्यात या, मी काढते तिकिटं. तोपर्यंत बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळचं मी विसरलेले नाही. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे याच महिन्यात, "लग्नसराई झाली की" नाही. निवडायला टिपायला खाली बसू नकोस, टेबल घेऊन दिलंय ते इस्त्रीचे कपडे ठेवायला नाही. आणि रात्री गिझर बंद करा.

घड्याळं मागे गेलीत, आता साडेचार तासांचा फरक. तुमच्या रात्री नऊला फोन करत जा, तेव्हा तो दुपारची झोप काढून नुकताच उठून खात असतो. फक्त "रडलास का रे राजा" असं नका विचारू, तो रडला नसला तरी मग रडतो. काय खाल्लंस विचारा.

तुमची,
मनू

ता.क. आई, वर्गातले फोटो मागू नको, बाकीची मुलं दिसतात म्हणून काढू देत नाहीत. कासवाच्या हुकाचा पाठवलाय व्हॉट्सॲपवर. खाली जो एकच बूट दिसतोय तो माझा.