बाळंतपण कुठे करायचं, हे सातव्या महिन्यातच ठरवा

संपादक महोदय,

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तपासण्या मात्र सासरच्या गावी झालेल्या असतात. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते आणि माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट सासरीच राहून जातात. मग कळा सुरू झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीचा दवाखाना गाठायचा. रक्तगटही माहीत नसलेली बाई रात्री दारात आली, की डॉक्टरांचा पहिला अर्धा तास तपासण्यांतच जातो. माहेरी आल्या आठवड्यात कार्ड घेऊन तिथल्या आशाताईंकडे नोंद करा.

दवाखाना निवडताना इमारत बघू नका. रात्री दोनला सिझर करावं लागलं तर भूल देणारे डॉक्टर कुठून येतील आणि किती वेळात, हे विचारा. तालुक्याच्या अनेक खासगी दवाखान्यांत ते बाहेरगावाहून बोलवावे लागतात. दुसरा प्रश्न रक्ताचा. बाळंतपणानंतर जोराने रक्त जाऊ लागलं आणि थांबलं नाही, तर दोनेक तासांतही बाई दगावू शकते. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून रक्तसाठवणूक केंद्र कुठे आहे, आपल्या गटाची पिशवी तिथे असते का, हे आधीच कळायला हवं. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं, तेही विचारून ठेवा.

सगळ्यांनाच मोठ्या दवाखान्यात जायची गरज नाही. हिमोग्लोबिन ११ किंवा जास्त, रक्तदाब ठीक, एकच बाळ आणि तेही डोक्याकडून, आधी सिझर नाही, अशा बाईचं बाळंतपण चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगलं होतं. मात्र आधी एकदा जाऊन प्रसूतिगृह बघून या. बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालू आहे का? बाळ रडलं नाही तर श्वास द्यायची पिशवी आणि छोटा मास्क टेबलाजवळ आहे का? लाइट गेल्यावर काय सोय? संडासात पाणी आहे का? रात्रपाळीला बाळंतपणाचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर असते का? बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मिळायला हवं, त्याने गर्भपिशवी आकुंचन पावून रक्तस्राव कमी होतो. हेच इंजेक्शन कळा वाढवायला घरी देणारे अजूनही आहेत. त्याने गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. असं इंजेक्शन कुणालाही घरी देऊ देऊ नका.

आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी, रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यांपैकी एकही असेल तर सिझर आणि रक्ताची चोवीस तास सोय असलेलं रुग्णालयच निवडा. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्याची पहिली, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका. एएस पॅटर्न (फक्त वाहक) की एसएस (प्रत्यक्ष आजार), हे पुढच्या तपासणीतच कळतं. एसएस असेल तर नागपूर, सेवाग्रामसारखं मेडिकल कॉलेजच हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन वाट बंद होणाऱ्या गावांनी तारखेच्या आठवडाभर आधीच हलावं. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय, म्हणजे माहेरघर आहे, तिथे सोबतच्या माणसासह राहता येतं. १०२ आणि १०८ नंबर घरात लिहून ठेवा, आणि गाडी आलीच नाही तर गावातली कोणती निघेल हेही ठरवून ठेवा. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात औषधं, रक्त, सिझर, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. बाहेरून आणा म्हटलं तर कारण विचारा.

पण भूलतज्ज्ञ रजेवर आहेत हे लोकांना दवाखान्याच्या दारात कळत असेल, तर त्यांनी निवड कशी करायची? प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाने सिझरची सोय, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा यांची माहिती दर सोमवारी आशाताईंना मोबाइलवर पाठवावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, अशी जिल्हा आरोग्य प्रशासनाकडे आमची मागणी आहे.

ग्रामीण भागातील काही परिचारिका,
जि. यवतमाळ