अंगठ्याला कुलूप हवे

महोदय,

आधारवर चालणाऱ्या मायक्रो एटीएमवर (बँकेच्या प्रतिनिधीकडच्या छोट्या यंत्रावर) पैसे काढायला ना पिन लागतो ना ओटीपी. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढ्यावर भागते. जुन्या खरेदीखताच्या नकलेवर क्रमांक आणि ठसा दोन्ही सापडू शकतात. त्या ठशावरून सिलिकॉनचे बोट बनते. साधा स्कॅनर फक्त रेषा जुळवतो, खालची कातडी जिवंत आहे का हे बघत नाही, म्हणून फसतो. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

उपाय फुकटातला आहे. ‘मायआधार’ संकेतस्थळावर किंवा ‘एमआधार’ ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करावे. आधारला मोबाइल जोडलेला हवा. मग बोट, डोळे, चेहरा तिन्ही बंद, ओटीपी मात्र चालू. हवे तेव्हा तात्पुरते उघडले की १० मिनिटांनी आपोआप बंद होते.

घोळ होतो तो रेशन दुकानात. लॉक असले की एरर ३३० येतो आणि “बोट पुसा, परत लावा” सुरू होते. ठसा न जुळल्याचा कोड ३०० आहे, हा फरक दुकानदारांना शिकवावा. आणि नोंदणी कार्यालयांनी नकला देताना ठसा व आधारचे पहिले ८ अंक झाकूनच द्यावेत.

— एक वाचक