‘आजच्या आज’ माहिती आणि वर्गातला तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांना वेळेचे आणि कामाचे नियोजन जमत नाही, अशी तक्रार आढावा बैठकांमधून वारंवार ऐकू येते. मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिक्षिका असून मुख्याध्यापकपदाचा प्रभारही माझ्याकडे आहे. पहिली-दुसरीचा वर्ग माझे सहकारी घेतात, तिसरी-चौथीचा मी. या तक्रारीत काही अंशी तथ्य आहे, हे आधी मान्य करते.

प्रभार घेतला तेव्हा जे काम समोर येईल ते मी त्याच क्षणी करीत असे आणि दिवसअखेर कोणतेच धड झालेले नसे. मग आम्ही दोघांनी कामे वाटून घेतली. पोषण आहाराचा साठा, चव नोंदवही आणि रोजची ऑनलाइन नोंद सहकाऱ्यांकडे. विद्यार्थी पोर्टल, शिष्यवृत्ती आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. वर्गनिहाय व प्रवर्गनिहाय पट, आधारची स्थिती, खोल्या, स्वच्छतागृहे, गणवेशाची मापे हे सारे एका जाड वहीत लिहून ठेवले आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती वही अद्ययावत करू लागलो. पूर्वी ज्या तक्त्यासाठी चार रजिस्टरे उलटावी लागत, तो आता बसल्या जागी भरून होतो. ज्या शाळांनी अजून अशी वही केलेली नाही, त्यांनी ती अवश्य करावी.

परंतु आमच्या हातातले नियोजन इथेच संपते. परवाचीच गोष्ट सांगते. तिसरीतली एक मुलगी, जी जूनमध्ये जोडाक्षर आले की पुस्तक मिटून ठेवायची, ती ‘रात्र’ आणि ‘पत्र’ हे शब्द बोटाने ओळ धरून वाचत होती. ‘मित्र’पाशी ती थबकली, मनातल्या मनात अक्षरे जुळवू लागली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. शाळांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश मी पाहिला नव्हता, म्हणून विचारणा होती. संदेश असा: ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या विहित नमुन्यातील माहिती दुपारी २ पर्यंत सादर करावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’ नमुना उघडला, तर शाळेतील वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहांची संख्या विचारलेली. हीच माहिती आम्ही दरवर्षी यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरतो. मी वही काढून तक्ता भरून पाठवला आणि परत वळले तोवर त्या मुलीने पुस्तक मिटले होते. तक्ता भरायला दहा मिनिटेच लागली असतील, पण तिला पुन्हा त्या शब्दापाशी आणण्यात माझे दोन दिवस गेले.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलेले आहे, आणि शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पाठाच्या पूर्वतयारीचा वेळही स्पष्टपणे धरलेला आहे. याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. मात्र माहितीचे तक्ते ‘शैक्षणिक’ म्हणूनच येत असल्यामुळे या कलमाचा आम्हाला उपयोग होत नाही, आणि सर्वांत आधी बळी जातो तो पूर्वतयारीच्या वेळेचा. दोन इयत्ता एकत्र बसवून शिकवताना एका इयत्तेला स्वाध्याय द्यायचा आणि दुसरीला शिकवायचे असते. तो स्वाध्याय आदल्या दिवशी तयार नसेल, तर निम्मा वर्ग नुसता बसून राहतो.

केंद्रप्रमुखांना, म्हणजे परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, मी दोष देत नाही. त्यांनाही वरून तोच संदेश आलेला असतो. विधिमंडळातील तारांकित प्रश्नासारखी निकड असली तर रात्री बसूनही आम्ही माहिती देऊ, दिलीही आहे. पण प्रत्येकच पत्रावर ‘अत्यंत तातडीचे’ असे लिहिलेले असेल, तर खरोखर तातडीचे कोणते, हे शाळेने ओळखायचे कसे?

म्हणून शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. जी माहिती पोर्टलवर आधीच भरलेली आहे, ती कार्यालयाने तिथूनच घ्यावी. फार तर आम्हाला पडताळणीस पाठवावी. उरलेल्या माहितीसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा आणि किमान तीन दिवसांची मुदत द्यावी. आणि मधल्या सुट्टीपर्यंतच्या तासांत, अपघात वा आपत्ती वगळता, शाळेला फोन करू नये. यासाठी निधी लागत नाही, नवे पददेखील लागत नाही. गटावर संदेश टाकण्यापूर्वी तालुका कार्यालयात कोणीतरी घड्याळाकडे पाहावे लागेल, इतकेच.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा