उसाच्या राखणीला जागलेल्या मामांस

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

सीक्यू वर्ल्डवाइड ही हौशी रेडिओची, म्हणजे जगभरच्या हौशी केंद्रांशी बिनतारी बोलण्याची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऑक्टोबरअखेर, आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, सलग 48 तास चालते. तिचे नावही ठाऊक नसताना आपण खानापूर तालुक्यातील आपल्या माळावर आमचा तंबू, अँटेना आणि जनरेटर राहू दिलात. त्याआधी बेळगावातील ज्या सद्गृहस्थांनी गच्चीचा शब्द दिला होता, त्यांनी आदल्या संध्याकाळी ‘वायरलेस म्हणजे पोलिसांचे लचांड’ म्हणून कुलूप घातले. केंद्र सरकारने परीक्षा घेऊन दिलेले आमचे परवाने त्यांनी हातातही धरले नाहीत. (चहा मात्र आग्रहाने पाजला.)

जागेबद्दलचे आभार आम्ही निघताना मानलेच. हे पत्र झटका मशीनसाठी, म्हणजे जनावरे शिरू नयेत म्हणून उसाच्या कुंपणात विजेचे झटके सोडणाऱ्या आपल्या यंत्रासाठी आहे. या स्पर्धेत भारतातल्याच केंद्राशी बोलल्यास शून्य, आशियातील अन्य देशाशी एक आणि दुसऱ्या खंडाशी बोलल्यास तीन गुण मिळतात. रात्री 40 आणि 80 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यांवर ऐकू येणारा युरोप म्हणूनच आमचे खरे पीक. नेमक्या त्याच वेळी उसाभोवतीच्या तारेला ओले गवत टेकून ठिणगी उडे, हेडफोनमध्ये सेकंदासेकंदाला ‘टक्’ वाजे, आणि पलीकडचा क्षीण आवाज ‘फाइव्ह नाइन’ (आवाज स्पष्ट) म्हणून आपला झोन, म्हणजे जगातल्या आपल्या विभागाचा क्रमांक, सांगू लागला की तो आकडा त्या टकटकीत बुडे.

आपण कारण ऐकलेत आणि मशीन बंद केलेत. एवढेच झाले, असे आम्ही समजलो. सकाळी आपल्या सूनबाईंकडून कळले की, रानडुकरे शिरू नयेत म्हणून आपण बॅटरी घेऊन रात्रभर मचाणावर जागे होतात, आणि ‘पोरांना ऐकू यायला पाहिजे’ म्हणून पत्र्याचा डबासुद्धा बडवला नाहीत. डब्याच्या आवाजाने रेडिओचे काही बिघडत नाही, हे सांगायला आमच्यापैकी कोणी तेथे नव्हते! मागितल्यावर मदत करणारे भेटतात. पण त्या मदतीचा भार मुकाट्याने स्वतःवर घेऊन तो बोलूनही न दाखवणारा माणूस आम्हांस क्वचितच भेटला आहे. दुसऱ्या रात्री झोपायला जा म्हटले, तरी आपण आमचे ऐकले नाहीत.

लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, स्पर्धेकडे पाठवला आहे. निकालास अवकाश आहे. याच स्पर्धेची मोर्सची (आवाजाऐवजी टिंब-रेघांच्या संकेतांची) फेरी नोव्हेंबरअखेर असते. आपली परवानगी असल्यास आम्ही पुन्हा येऊ. मात्र त्या दोन्ही रात्री मचाणावर आमच्यापैकी एक जण बसेल आणि आपण घरी झोपाल, एवढी अट आपण मान्य करावी.

आपले,
तंबूतील सर्व जण