मावशी, दोराखालच्या त्या चिंध्यांबद्दल

मावशी,

हे खरं तर तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. पण मी सुरुवात केली की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा ठेवायला उठणार. म्हणून इथे, सगळ्यांच्या देखत लिहितेय.

प्राचीन यहुदी इतिहासातले नबी, म्हणजे देवाच्या नावाने बोलणारे लोक, हा भाग यंदा शिकवायला माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी किती जणांचे उंबरे झिजवले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. एका विद्वानांनी सांगितलं, "भविष्य सांगणारे लोक ते, एका तासात उरका." दुसऱ्यांनी पुस्तकांची यादी देतो म्हणून तीन आठवडे झुलवलं आणि मग फोन घेणंच बंद केलं. तिसऱ्यांना माझ्या प्रश्नापेक्षा मी हा विषय घेतलाच का, यातच जास्त रस होता. असो.

तुमच्या ठाण्याच्या घरात भिंतीवर अग्निरथातून आकाशात निघालेला एलियाहू हनाबी, म्हणजे एलियाहू नबी, होता. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून तुम्ही विचारलंत, "मुलांना नबी म्हणजे ज्योतिषी वाटतो ना?" मी मान हलवली. मलाही तेच वाटत होतं, हे मात्र सांगितलं नाही. आज सांगते.

"आधी राजा शिकव, मग नबी आपोआप दिसेल," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली, उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे धाडून मारवलं, आणि नाथान नबी त्याच्यापुढे जाऊन गोष्ट कसली सांगतो, तर गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची! श्रीमंताने तीच कापली हे ऐकून राजा संतापतो, असल्या माणसाला मरणच हवं म्हणतो. "तो माणूस तूच." माझ्या वर्गात येऊन हे तुम्ही इतक्या हळू आवाजात सांगितलंत की शेवटच्या बाकावरचे मोबाइल खाली गेले. मग आमोस नबी. तकोवाचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा, इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात बेथेलला जाऊन सुनावतो की तुम्ही गरिबाला वहाणांच्या जोडापायी विकता. तिथला पुरोहित त्याला म्हणतो, यहूदात, तुझ्या दक्षिणेच्या राज्यात, जा आणि तिथे पोट भर. त्यानंतर काही दशकांतच, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास, अश्शूरच्या साम्राज्याने ते उत्तरेचं राज्य गिळलं. एवढं शिकवून झाल्यावर 'ज्योतिषी' हा शब्द वर्गात कुणी उच्चारला नाही.

पण आभार मानायचेत ते त्या गुरुवारचे.

त्या दिवशी यिर्मया नबी मी शिकवत होते, तुम्ही मागे बसला होतात. मानेवर लाकडी जू घेऊन तो यहूदाच्या राजधानीत, यरुशलेमेत, सांगतोय की बाबेलपुढे (बॅबिलोनपुढे) मान तुकवा, नाहीतर शहर जाईल. हनन्या नावाचा दुसरा नबी ते जू काढून मोडून टाकतो आणि म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचं जू देव असंच मोडेल. खिडकीजवळचा तो मुलगा उठला. "मॅडम, दोघंही देवाचंच नाव घेतायत. तिथे उभ्या असलेल्या माणसाने कुणाचं ऐकायचं? इ.स.पू. ५८६ मध्ये शहर पडलं हे आपल्याला माहितेय, त्यांना कुठे माहीत होतं?"

माझी बोलती बंद. वर्ग माझ्याकडे बघत होता. खडू हातात तसाच.

तुम्हाला उत्तर येत होतं. तुम्ही ते देऊन टाकलं असतंत तर तास सुरळीत पार पडला असता आणि मी घरी जाऊन रडले असते. तुम्ही त्या मुलाला एवढंच म्हणालात, "पुढची ओळ वाच." त्याने वाचलं. जू मोडल्यावर यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. "बघ, त्यालासुद्धा त्या क्षणी उत्तर नव्हतं. नंतर मिळालं, तेव्हा तो परत आला. तुझ्या मॅडमही उद्या येतील." आणि तुम्ही पुन्हा पिशवी मांडीवर घेऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी मी गेले. लोकांना हवं तेच सांगणाऱ्या नबीची परीक्षा जास्त कडक, असं यिर्मयानेच त्या प्रसंगी म्हटलंय, तिथून सुरुवात केली. तास बरा झाला.

पुढे आम्ही एबद-मलेखपर्यंत पोचलो. शहराला वेढा पडलाय, भाकरी संपत आलीय, सरदारांनी यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात सोडलंय. राजवाड्यातला हा कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूश देशाचा, नोकर राजाची परवानगी काढतो, माणसं घेतो, आणि इतक्या घाईत आधी कोठीत जाऊन जुन्या चिंध्या शोधतो. त्या खाली सोडून सांगतो, काखेत घाल, मग दोर लाव. का, तर वर ओढताना काचू नये. हे शिकवताना माझा आवाज जरा बिघडला, मुलांना वाटलं सर्दी झालीय. दोर टाकणारे मला आयुष्यात भेटलेत, मावशी. त्यांचे वळ अजून अंगावर आहेत. शिकलेली, मानाच्या खुर्चीतली माणसं होती ती. चिंध्या आणायला कोठीत जायचं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही, आणि तुमच्याकडे तर मी अनोळखी म्हणून आले होते.

मलिद्याला, एलियाहूच्या नावाने करायच्या त्या गोड पोह्यांच्या प्रसादाला, बोलावलंय ते लक्षात आहे. नारळ खवायला लवकर येते, पोहे मी येईपर्यंत भिजवू नका.

आणि हो, तो खिडकीजवळचा मुलगा काल परत उठला. मंदिरात सापडलेल्या ग्रंथातल्या शब्दांबद्दल देवाला विचारायला यहूदाच्या योशीया राजाने माणसं पाठवली, ती हुल्दा या स्त्री नबीकडे गेली. यिर्मया तेव्हा होता ना, मग तिच्याकडेच का? सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "माहीत नाही रे. उद्या सांगते."

तुमची,
मागच्या बाकावरून तुम्ही सांभाळलेली मॅडम