कटर काढून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी आभार मानायला आले, तर "चहा पाजलास, फिटंफाट" म्हणून तुम्ही निघूनच गेलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

माझा पिकअप 1986चा. घेतला तेव्हापासून त्याचं क्रूझ कंट्रोल (पेडलवर पाय न ठेवता गाडीचा वेग धरून ठेवणारी यंत्रणा) बंद, आणि मला त्याची गरजही नव्हती. पण बॉनेटखाली तो काळा डबा, त्याच्या नळ्या, वायरींचा गुंता, कार्ब्युरेटरपर्यंत गेलेली बारीक साखळी, सगळं नुसतं लटकत होतं. माझा बेत सरळ होता: दिसेल ते कापायचं. तुम्ही कटर हातातून काढून घेतलात. "आधी प्रत्येक नळी कुठून निघते नि कुठे जाते, बोटाने दाखव."

अर्धा तास बोट फिरवलं. एक नळी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळाला; तिथल्या ओढीनेच डब्यातला रबरी पडदा रेस ओढून धरतो. दुसरी फायरवॉलमधून (इंजिन नि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) आत, ब्रेकच्या पेडलपाशी असलेल्या झडपेला. ब्रेक दाबला की झडप उघडते, बाहेरची हवा आत शिरते, तो पडदा सैल पडतो नि रेस सुटते. पुण्यात डिझेल इंजिनांवर उमेदीची वर्षं घालवून इथे इंडियानातल्या कोलंबसला आलेला माणूस माझ्या पेट्रोल गाडीला "शिलाई मशीन" म्हणतो, पण शिकवतो मात्र मनापासून!

आणि मॅनिफोल्डकडची नळी टोकाशी चिरलेली निघाली, तिथून जादा हवा इंजिनात शिरत होती. सिग्नलला थांबलं की इंजिन हुंदके द्यायचं, त्यापायी मी दोनदा कार्ब्युरेटर साफ करून घेतला होता. ती काढून मॅनिफोल्डच्या त्या तोंडावर रबरी टोपी बसवून क्लिप आवळली, गाडी चालू केली, आणि आपण दोघंही काही न बोलता नुसते ऐकत उभे राहिलो.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवल्याशिवाय तुम्ही मला डॅशबोर्डखाली शिरू दिलं नाहीत. तिथे क्रूझच्या वायरींमधली एक ब्रेकलाइटच्या तारेला जोडलेली होती. माझा कटर चालला असता तर मागच्या गाडीला माझा ब्रेक कदाचित दिसलाच नसता. स्टिअरिंगवरची बटणं राहू दिलीत, कारण हॉर्नची जोडणीही तिथूनच. (नव्या गाड्यांत तिथे एअरबॅग असते, त्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत.) साखळी निघाल्यावर रेसचं पेडल दहा वेळा दाबून सोडायला लावलंत, स्प्रिंग ते नीट परत ओढते का बघायला. फायरवॉलच्या भोकाला बूच मारलं, नाहीतर इंजिनाचा वास थेट नाकात.

मधल्या चहाला तुम्ही राल्फ टीटर सांगितलेत. आपल्याच इंडियानातल्या हेगर्सटाउनचे, लहानपणीच दृष्टी गेलेले इंजिनिअर. वकिलाच्या धक्के देत चालणाऱ्या गाडीला वैतागून म्हणे त्यांना वेग धरून ठेवायची ही युक्ती सुचली. 1950 साली पेटंट, 1958 साली क्रायस्लरच्या गाड्यांत. "त्या माणसाने बोटांनी चाचपून यंत्रं ओळखली, आणि तू डोळे असून न बघता कापत होतीस," असं म्हणून तुम्ही बिस्किट बुडवलंत. लागलं थोडं, खोटं कशाला बोलू!

काढलेले भाग डब्यात घालून, तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट, फळीवर ठेवलेत. गाडी कधी विकली तर ते सोबत देईन. आणि हो, तुमचा दहाचा पाना माझ्याकडेच राहिलाय. येत्या शनिवारी घेऊन येते, काकूंसाठी चकल्याही आणते.

तुमची,
शिलाई मशीनवाली